राज्याच्या खर्चाची फेरतपासणी : नांदेड-लातूरच्या अनुभवातून एक आढावा

सरकारी खर्चाची सुधारणा म्हणजे केवळ काटकसर नव्हे. पैसा कशावर, कोणासाठी आणि किती काळ खर्च करायचा, त्यातून काय हाती लागले आणि पुढच्या पिढीवर किती बोजा पडला, हे वेळोवेळी तपासून खर्चाची मांडणी बदलणे, हा तिचा अर्थ आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि त्याचे बरेचसे धागे मराठवाड्यात, त्यातही नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, येऊन मिळतात. या दोन जिल्ह्यांनी राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. वित्तीय शिस्तीचा एक गाजलेला प्रयोग त्यांच्यापैकी एकाने केला. अर्धवट प्रकल्प, टंचाई, भूकंप आणि अतिवृष्टी यांवरच्या खर्चाचे धडेही याच भागाने दिले.

खर्चाची रचना

राज्याचा खर्च दोन प्रकारांत मोडतो. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने आणि रोजचा कारभार हा महसुली खर्च. धरणे, रस्ते, इमारती, रुग्णालये यांवरचा खर्च भांडवली. महसुली जमेपेक्षा महसुली खर्च वाढला की महसुली तूट येते. दोन्ही खर्च मिळून जेवढी रक्कम कर्जाऊ उभारावी लागते, ती राजकोषीय तूट.

१० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार सात लाख कोटी रुपयांचा होता. महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी धरला होता. महसुली तूट ४५,८९१ कोटींची, राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटींची आणि वर्षअखेरचे कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींचे होईल, असा अंदाज होता. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी तुलना केली तर हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत आणि राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत राहते. कायद्याने घालून दिलेली मर्यादा त्यामुळे पाळली जाते आणि इतर अनेक राज्यांच्या मानाने महाराष्ट्राची स्थिती बरी दिसते.

काळजीचे कारण एकूण आकड्यापेक्षा त्याच्या पोटात आहे. महसुली तूट ही राजकोषीय तुटीच्या जवळपास एक तृतीयांश आहे. म्हणजे राज्य जे कर्ज काढते त्यातल्या दर तीन रुपयांपैकी एक रुपया रोजच्या खर्चात जातो. त्यातून धरण उभे राहत नाही की रस्ता होत नाही, पण त्याचे व्याज मात्र पुढची अनेक वर्षे भरावे लागते. २०२५-२६ साठी केवळ व्याजापोटी सुमारे ६५ हजार कोटी रुपये राखावे लागले. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बांधील बाबींतच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. अनुदाने आणि थेट लाभाच्या योजना वजा केल्यावर नव्या कामांसाठी उरणारी रक्कम तोकडी असते. कात्री लावायची वेळ आली की ती याच उरलेल्या रकमेवर चालते. मागास भागाची कामे नेमकी याच रकमेतून व्हायची असतात. खर्चाच्या शिस्तीचा प्रश्न मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा आहे तो यामुळे.

अनुशेषाची पार्श्वभूमी

निजामाच्या राजवटीतून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आणि मराठवाड्याच्या मागास स्थितीकडे विशेष लक्ष देण्याचे मान्य झाले होते. प्रत्यक्षात किती तफावत राहिली, हे मोजायला तीन दशके लागली. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने राज्यातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून नवा हिशेब केला. त्यात राज्याचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटींवर गेला आणि मराठवाड्याच्या वाट्याला ४,००४ कोटींहून अधिक रक्कम आली.

अनुशेषाच्या या मोजमापाने खर्चाच्या चर्चेला एक शिस्त दिली. सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य, वीज अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी किती आणि जिल्हा किती मागे, हे आकड्यांत दिसू लागले. सिंचनाच्या निधीवाटपाबाबत राज्यपालांचे निर्देश २००१ पासून येऊ लागले. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये संतुलित प्रादेशिक विकासाचा अहवाल दिला आणि पाण्याच्या प्रश्नाला अग्रक्रम देण्याची भूमिका घेतली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि प्रदेशवार हिशेब ठेवणारी ही चौकट सैल पडली.

तिच्या जागी अधूनमधून जाहीर होणारी पॅकेजे आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे ४९ हजार कोटींची आणि १६ सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत सुमारे ५९ हजार कोटींची कामे जाहीर झाली. पॅकेज ही तरतूद नव्हे. त्यात चालू कामांची, केंद्राच्या योजनांची आणि पुढच्या अनेक वर्षांत खर्चायच्या रकमांची बेरीज असते. कोणत्या वर्षी, कोणत्या लेखाशीर्षाखाली किती पैसे येणार हे घोषणेबरोबर छापले जात नाही, तोवर ती खरी ठरली की नाही हे नागरिकाला तपासता येत नाही.

शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग

सरकारी खर्च वाढत राहण्यामागे अंदाजपत्रक तयार करण्याची रीत हे मोठे कारण असते. गेल्या वर्षीची रक्कम घ्यायची, तीत काही टक्के वाढ धरायची आणि पुढे पाठवायची, असा रिवाज आहे. एकदा सुरू झालेली योजना, एकदा मंजूर झालेले पद, एकदा उघडलेले कार्यालय यांच्या गरजेचा प्रश्न मग पुन्हा निघत नाही.

या रिवाजाला छेद देणारी पद्धत अमेरिकेत पीटर पिहर यांनी एका खासगी उद्योगात विकसित केली. जॉर्जियाचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनी ती सरकारी कारभारात आणली. प्रत्येक खर्च शून्यापासून सिद्ध करायचा, त्याचे पर्याय मांडायचे, अग्रक्रम लावायचा आणि मगच पैसा द्यायचा, हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात १९८६ मध्ये शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत लागू केली. देशातल्या राज्यांमध्ये हा पहिला मोठा प्रयत्न होता. नांदेडच्या नगरपालिकेतून वर आलेले आणि करड्या शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जाणारे चव्हाण पुढे केंद्रात अर्थमंत्रीही झाले.

प्रयोगाने काही काळ प्रशासनाला कालबाह्य योजना आणि रिकाम्या बसलेल्या यंत्रणा शोधायला लावले. पण तो टिकला नाही, आणि त्याची कारणे आजही उपयोगी आहेत. पहिले कारण कामाच्या बोजाचे. प्रत्येक विभागाने दर वर्षी प्रत्येक बाब शून्यापासून मांडायची म्हटले की कागद वाढतो आणि छाननी करणारी माणसे कमी पडतात. लवकरच जुनेच आकडे नव्या नमुन्यात भरले जातात. दुसरे कारण माणसांचे. योजना बंद केली तरी तिच्यावरचा कर्मचारी सेवेत राहतो, म्हणून बचत कागदावरच राहते. तिसरे राजकीय. प्रत्येक योजनेमागे कोणीतरी लाभार्थी आणि कोणीतरी लोकप्रतिनिधी उभा असतो. मुख्यमंत्री बदलला की आग्रह ओसरतो. अमेरिकेच्या संघराज्य सरकारनेही ही पद्धत १९८१ मध्ये सोडून दिली.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की सगळ्या बाबींची दर वर्षी मुळापासून तपासणी शक्य नसली, तरी काही बाबींची दर वर्षी आळीपाळीने तपासणी शक्य आहे. पाच वर्षांत प्रत्येक विभाग एकदा तपासणीखालून गेला, तरी मूळ हेतू साधतो.

रोजगार हमी : खर्चासोबत उत्पन्नाची सोय

महाराष्ट्रातल्या सरकारी खर्चाच्या इतिहासातले सर्वांत चांगले उदाहरण रोजगार हमीचे आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून ती निघाली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्यभर लाखो हात दुष्काळी कामांवर होते, आणि त्या अनुभवाने ती पक्की झाली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. वित्तीय दृष्टीने तिचे वैशिष्ट्य असे की हक्क देण्याआधीच त्याच्या पैशाची सोय केली गेली. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, शहरातल्या पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून तो गोळा झाला, आणि तेवढीच भर राज्याने घालायची असे ठरले. शहराने खेड्यासाठी उचललेला हा भार लोकांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारला, कारण पैसा कुठे जातो हे त्यांना ठाऊक होते.

या व्यवस्थेचा कच्चा दुवाही लक्षात घेण्यासारखा आहे. योजनेवरचा खर्च घटला त्या वर्षांतही कर चालू राहिला आणि हमी निधीत जायची रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मुरत गेली. विशिष्ट हेतूने कर लावायचा तर त्याचा निधी खरोखर वेगळा ठेवावा लागतो. नाहीतर त्या कराचे नैतिक बळ जाते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

अर्धवट प्रकल्पांची किंमत

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना सर्वांत महाग पडलेली बाब अपूर्ण कामांची आहे. प्रकल्प रखडला की तीन बाजूंनी नुकसान होते. खर्च वाढतो, गुंतलेला पैसा अडकून पडतो आणि शेतकऱ्याला पाणी न मिळाल्याने उत्पन्न बुडते. हिशेबात मात्र यातला पहिलाच आकडा दिसतो.

मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश, आताचा तेलंगणा, यांचा हा संयुक्त प्रकल्प १९८० च्या दशकात हाती घेतला गेला. भूसंपादन, बुडीत गावांचे पुनर्वसन, दोन राज्यांमधला खर्चाचा वाटा आणि निधीची चणचण यांत तो चार दशके अडकला. या काळात सुधारित प्रशासकीय मान्यता पुन्हा पुन्हा घ्याव्या लागल्या आणि किंमत कित्येक पटींनी वाढली. पुनर्वसनावर वेळेत खर्च केला नाही तर धरणाचा खर्चही निकामी होतो, हे लेंडीने दाखवले.

धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा दुसऱ्या प्रकारचा धडा देतो. गोदावरीवर बंधारा बांधून झाला, पण आंतरराज्य वादात सापडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पावसाळ्याचे पाणी वाहून गेल्यावरच साठवण सुरू होते. एवढा पैसा गुंतवण्यापूर्वी पाण्याच्या हक्काचा आणि वापराच्या वेळापत्रकाचा प्रश्न मिटलेला असणे ही खर्चाच्या शिस्तीची पहिली पायरी आहे.

नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पातून तिसरा मुद्दा पुढे येतो. उपसा योजना बांधून भागत नाही, ती चालवण्यासाठी दर वर्षी वीजबिल आणि पंपांची देखभाल यांचा खर्च लागतो. भांडवली खर्चाला मंजुरी देताना त्यामागून येणारा आवर्ती खर्च मांडला नाही, तर कालवे फुटतात, वितरिका बुजतात आणि उभी केलेली क्षमता वापराविना राहते. देखभालीचा पैसा वाचवणे ही सरकारी हिशेबातली सर्वांत फसवी बचत आहे.

राज्यभर या त्रुटी एकत्र आल्या तेव्हा सिंचनाचा वाद पेटला. महामंडळे स्थापून रोखे विकायचे आणि एकाच वेळी शेकडो कामे काढायची, असे धोरण १९९६ नंतर राबवले गेले. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ मध्ये झाले. दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढले, असा अर्थ २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून काढला गेला. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेने ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. इतका पैसा घालवून प्रत्यक्ष किती शेत भिजले यावरच एकमत नसणे, हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग होता. मोजमाप नसेल तर सुधारणा कुठून सुरू करायची हेच कळत नाही.

जलयुक्त शिवार अभियानाबाबतही हेच घडले. अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले, पण भूजलपातळी वाढवण्यात त्याचा परिणाम अल्प राहिल्याचे महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले.

आपत्तीवरचा खर्च

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतरचा पुनर्वसन कार्यक्रम जागतिक बँकेच्या सुमारे २४.६ कोटी डॉलरच्या कर्जातून उभा राहिला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतरत्र घरमालकांना टप्प्याटप्प्याने साहाय्य देऊन त्यांच्याच देखरेखीखाली दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. काम पुढे गेले की पुढचा हप्ता, ही रीत पुढे घरकुलांसह अनेक योजनांत रुळली. लाभार्थी स्वतः हिशेब ठेवतो तिथे गळती कमी होते, हे या अनुभवातून दिसले.

२०१६ चा उन्हाळा याच्या उलट बाजूचा. मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोचली. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. नंतर पन्नास वाघिणींच्या गाडीतून फेरीला २५ लाख लिटर येऊ लागले. लाखो लोकांची तहान त्या गाड्यांनी भागवली, म्हणून तो खर्च आवश्यकच होता. पण टंचाईच्या वर्षी टँकर, विंधन विहिरींचे अधिग्रहण आणि चारा छावण्या यांवर जाणारा पैसा पाणी संपल्यावर खर्च होतो, आणि पुढच्या टंचाईत तेवढाच पुन्हा लागतो. गळकी जलवाहिनी, मोजणीविना होणारा पुरवठा आणि उसाखालचे पाणी यांवर आधीच काम झाले असते, तर त्याचा बराच भाग वाचला असता.

२०२५ च्या पावसाळ्यात प्रश्न उलटा झाला. अतिवृष्टीने नांदेड, लातूरसह मराठवाड्यातली खरिपाची पिके बुडाली आणि जमिनी खरडून गेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. असा खर्च अर्थसंकल्पात धरलेला नसतो, त्यामुळे तो चालू कामांच्या तरतुदी खातो किंवा कर्ज वाढवतो. मराठवाड्यात आता दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून येत असताना त्यांना अपवाद मानून चालणार नाही. चांगल्या वर्षी राखीव निधीत ठरावीक भर घालण्याची सवय लावावी लागेल.

अनुदाने आणि थेट लाभ

गेल्या काही वर्षांत खर्चाचा कल रोख मदतीकडे झुकला आहे. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. २०२५-२६ साठी तिला ३६ हजार कोटींची तरतूद झाली. महसुली जमेच्या सहा टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या या योजनेचा आहे. शेतमजुरी करणाऱ्या, स्वतःच्या नावावर काहीच नसलेल्या बाईच्या हाती थेट पैसा येणे याचे मोल मोठे आहे. घरखर्च, औषधपाणी, मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी ती रक्कम उपयोगी पडते. म्हणूनच अपात्र नावे वगळणे गरजेचे ठरते. २०२५ मध्ये सुमारे २६ लाख नावांबाबत शंका निघाली आणि लाभार्थ्यांत हजारो पुरुष आढळले. पडताळणी पैसे वाटण्याआधी झाली असती तर खर्चही वाचला असता आणि नंतरचा मनस्तापही.

एक रुपयात पीक विम्याचा अनुभव असाच आहे. खरीप २०२३ पासून शेतकऱ्याचा हप्ता राज्याने उचलला. अर्जांची संख्या प्रचंड वाढली आणि दुसऱ्याच्या किंवा शासकीय जमिनीवर विमा काढल्याचे प्रकार अनेक जिल्ह्यांत उघड झाले. २०२५ च्या खरिपात ही सवलत बंद होऊन खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हा शेतकरी हिस्सा परत आला. बोगस अर्जांची किंमत शेवटी प्रामाणिक सोयाबीन उत्पादकाला मोजावी लागली.

कर्जमाफी २००८ मध्ये केंद्राने, तर २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने दिली. प्रत्येक वेळी ती संकटात दिलासा देते. पण कोरडवाहू शेतीचा भाव, पाणी आणि विमा हे तीन प्रश्न जागच्या जागी राहत असल्याने काही वर्षांत मागणी पुन्हा उभी राहते.

शेतीपंपांच्या विजेत मात्र सुधारणेची एक चांगली वाट सापडली आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांची वीज मोफत झाली आणि तिचा वार्षिक भार १४,७६० कोटींचा धरला गेला. त्याच वेळी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या वाहिन्यांना सौर वीज देण्याचे काम सुरू आहे. ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना पडते, नेहमीच्या विजेपेक्षा बरीच स्वस्त, आणि दिवसा मिळते. शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण वाचते आणि अनुदानाची गरजही उतरते. लाभ तसाच ठेवून त्याची किंमत कमी करणे ही खर्चसुधारणेची सर्वांत उत्तम जात आहे. भूजलाचा उपसा मात्र मोफत विजेने वाढू नये, हे वेगळे सांभाळावे लागेल.

वेतन, निवृत्तिवेतन आणि रिक्त पदे

१ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना राज्याने अंशदायी निवृत्तिवेतनाकडे वळवले. याचा वित्तीय लाभ दीर्घ मुदतीत मिळणार होता. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी मोठा संप झाला आणि १ मार्च २०२४ पासून शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारा सुधारित पर्याय आला. आयुष्य सेवेत घालवलेल्या माणसाला उतारवयात निश्चिती हवी, ही मागणी न्याय्य आहे. मात्र अशा निर्णयाचा पुढच्या तीस वर्षांचा हिशेब निर्णयाबरोबरच विधिमंडळापुढे यायला हवा.

वेतनखर्च आवरण्याचा सोपा मार्ग पदे रिक्त ठेवण्याचा आहे, आणि तो घातक आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत नवजात बालकांची संख्या मोठी होती. रुग्णालय प्रशासनाने औषधटंचाईचा इन्कार केला, पण क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण, अपुरे मनुष्यबळ आणि औषधखरेदीतला विलंब यांची चर्चा राज्यभर झाली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परिचारिका, परिचर, तंत्रज्ञ यांच्यावरचा खर्च महसुली खात्यात मोडतो म्हणून तो अनुत्पादक ठरत नाही. ‘महसुली’ आणि ‘वाया गेलेला’ यांची गल्लत करणारी काटकसर जिवावर बेतते.

हिशेबातल्या पळवाटा

वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला, आणि २००६-०७ व २००७-०८ या वर्षांत महसुली शिल्लकही दिसली. कायद्याच्या मर्यादा पाळूनही शिस्त बिघडवण्याचे मार्ग मात्र आहेत. पहिला पुरवणी मागण्यांचा. जुलै २०२४ मध्ये सुमारे ९४,८८९ कोटींच्या आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७,५१० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्पानंतर काही महिन्यांतच इतकी भर पडत असेल, तर मार्चमधल्या चर्चेला अर्थ उरत नाही.

दुसरा मार्ग महामंडळांच्या कर्जांचा. नांदेड-जालना द्रुतगती मार्ग किंवा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा समावेश असलेला नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग यांसारखे प्रकल्प महामंडळाच्या कर्जातून आणि राज्याच्या हमीवर उभे करायचे असतात. ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठाचा अंदाजित खर्च सुमारे ८६ हजार कोटींचा सांगितला गेला. असे कर्ज राज्याच्या ताळेबंदात लगेच दिसत नाही, पण पथकर अपुरा पडला तर भार तिजोरीवरच येतो. अशा प्रकल्पापूर्वी तेवढ्याच पैशात त्याच जिल्ह्यांतली किती सिंचनकामे पूर्ण होतील, याची तुलना मांडली गेली पाहिजे.

तिसरी सवय ‘मार्चअखेर’ची. जिल्हा नियोजनाचा निधी उशिरा पोचतो, मान्यता लांबतात आणि आर्थिक वर्ष संपताना बिले काढण्याची घाई होते. घाईत काढलेल्या कामाचा दर्जा राहत नाही आणि उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात.

सुधारणेची दिशा

बाहेरच्या जगात दोन देशांचे अनुभव उपयोगी आहेत. स्वीडनने १९९० च्या दशकातल्या संकटानंतर पुढच्या तीन वर्षांच्या खर्चाची कमाल मर्यादा आधी ठरवण्याची पद्धत घेतली. नवी योजना आणायची तर तिच्यासाठी जुन्या खर्चात जागा करावी लागते. कॅनडाने १९९४ पासून प्रत्येक कार्यक्रम सार्वजनिक हिताचा आहे का, तो केंद्रानेच करायचा का, परवडतो का, अशा ठरावीक प्रश्नांवर तपासला आणि १९९७-९८ पर्यंत तूट संपवली. दोन्हीकडे सरसकट कपात टाळून निवड केली गेली, आणि ती राजकीय नेतृत्वाने उघडपणे स्वीकारली.

महाराष्ट्रासाठी आणि मराठवाड्यासाठी यातून एक क्रम लावता येतो. सर्वप्रथम, ७५ टक्क्यांहून अधिक काम झालेले प्रकल्प पूर्ण करावेत आणि त्यांचे कालवे, पुनर्वसन व देखभाल यांचा निधी राखून ठेवावा. ते होईपर्यंत नव्या मोठ्या कामांना थांबवावे. दुसरे, कोणतीही नवी योजना किंवा सवलत जाहीर करताना तिचा दहा वर्षांचा खर्च आणि पैशाचा स्रोत विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक करावे. रोजगार हमीने हे करून दाखवलेले आहे. तिसरे, दर वर्षी काही विभाग निवडून त्यांच्या योजनांची शून्यापासून तपासणी करावी आणि तिचा अहवाल प्रसिद्ध करावा. चौथे, थेट लाभाची पडताळणी वाटपाआधी करावी. ग्रामसभेत यादीचे वाचन ही त्याची सर्वांत स्वस्त रीत आहे. पाचवे, महामंडळांची कर्जे आणि हमी धरून राज्याचे एकूण देणे दर वर्षी छापावे. सहावे, प्रदेशवार आणि जिल्हावार खर्चाचा हिशेब पुन्हा सुरू करावा, कारण कपातीचा पहिला फटका मागास जिल्ह्याला बसतो की नाही हे त्याशिवाय कळणार नाही.

यातले काहीही नवे किंवा अशक्य नाही. हक्कासोबत पैशाची सोय करणारा कायदा, शून्याधारित अर्थसंकल्प, अनुशेषाचे मोजमाप, लाभार्थ्याच्या हाती हिशेब देणारे पुनर्वसन, हे सगळे महाराष्ट्राने आपल्याच भूमीवर करून पाहिले आहे. उणीव राहिली ती सातत्याची. सरकारी पैसा हा शेवटी मुखेडच्या शेतमजुरापासून लातूरच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांनी भरलेल्या कराचा आणि त्यांच्या मुलांनी फेडायच्या कर्जाचा आहे. तो कुठे गेला हे दर वर्षी विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. ग्रामसभेत, जिल्हा नियोजन समितीपुढे आणि मतदानाच्या वेळी तो त्यांनी वापरलाच पाहिजे.